दोन मतांचा मतदारसंघ

१९५२ साली ‘मुंबई शहर उत्तर’मधून लोकसभेवर दोघे जायचे, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मतेही दोन. दोन्ही एकाच्याच पेटीत टाकली, तर एक बाद. येथे बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी हरले. बाद मते ७४,३३३. डांगे यांच्या कम्युनिस्टांनी दुसरे मत कुजवायला सांगितले, असा आंबेडकर आणि अशोक मेहतांचा आरोप होता; त्यांचा निवडणूक अर्ज फेटाळला गेला. सारीच मते कुजवलेली नसतील. पण फरकाच्या पाचपट मते बाद होतात, तिथे पराभवाचे कारण केवळ लोकप्रियतेत शोधणे मला पटत नाही. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ‘मुंबई शहर मध्य’मधून त्याच डांग्यांसोबत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे माने निवडून आले. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच संपले.