आठ मुलांमागे एक : शिबिरातल्या ताई-दादांचे शिक्षण



गाळप हंगाम संपला की गट ऑफिसच्या ओट्यावर उसापेक्षा घरच्याच गोष्टी जास्त निघतात. अशाच बोलण्यात एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, आमचा नातू अमेरिकेत असतो, सोळा वर्षांचा आहे. सुट्टीत कुठल्याशा कॅम्पात बारकी पोरं सांभाळायचं शिकतोय. पगार मिळायचा राहिला बाजूला, त्याचा बापच वर फी भरतोय! हे काय गौडबंगाल?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही माहिती काढली, आणि लक्षात आले की हा विषय अमेरिकेपुरता नाही, आपल्या प्रत्येक वाडी-वस्तीचा आहे. म्हणून या अंकात उसाऐवजी हे चार शब्द.

अमेरिकेत शाळांना जून ते ऑगस्ट अशी साधारण दहा आठवड्यांची सुट्टी असते. त्या काळात लाखो मुले तळ्याकाठी, रानात भरणाऱ्या 'समर कॅम्प'ला जातात. ही रीत जुनी आहे. १८६१ साली कनेक्टिकट राज्यात फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकांनी आपल्या शाळेतली मुले पायी समुद्रकाठी नेली आणि दोन आठवडे तंबूत ठेवली. १८८५ साली न्यूयॉर्क राज्यात समनर डडली यांनी सात मुले घेऊन सुरू केलेला कॅम्प आजही चालू आहे. पुढे १९१० साली कॅम्प चालवणाऱ्यांची संघटना झाली. आज तिचे नाव 'अमेरिकन कॅम्प असोसिएशन'. मुक्कामी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक सांभाळणारा हवा, असे तिचे प्रमाण आहे. या सांभाळणाऱ्याला तिकडे 'कौन्सेलर' म्हणतात. आपण ताई-दादा म्हणू.

हे ताई-दादा बहुतेक अठरा वर्षांच्या वरचे असतात. पण अठरा पूर्ण झाली म्हणून कोणी एका दिवसात शहाणा होत नाही. म्हणून पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना आधी उमेदवार म्हणून घेतात. उमेदवार एका अनुभवी ताई-दादाच्या हाताखाली राहतो. आधी नुसते बघतो, मग एखादा खेळ घेतो, मग एखादा तास सांभाळतो. दिवसाअखेर त्याला बाजूला घेऊन सांगतात, इथे बरोबर केलेस, इथे चुकलास. मुले त्याच्या एकट्याच्या हवाली करीत नाहीत. तो अजून कामगार नाही, शिकाऊ आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी पगार नसतो आणि शिकवण्याची फी असते. बेणे मळ्यावर आपण आधी खर्चच करतो ना? तसेच हे.

आता तो शिकतो काय? आम्हाला वाटले होते गाणी आणि खेळ. ते असतातच, पण अगोदर शिकवतात ते वेगळे.

पहिले, मोजणे. निघताना, पोहोचल्यावर, जेवताना, झोपताना मुले मोजायची. 'सगळे आहेत वाटतं' हे उत्तर चालत नाही.

दुसरे, पाणी. पोहायला उतरताना मुलांच्या जोड्या लावतात. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एखाद्याचा जोडीदार दिसला नाही की सगळ्यांना तत्काळ बाहेर काढून शोध सुरू. आणि बुडणाऱ्याला वाचवायचे तर आधी काठी पुढे करायची, नाहीतर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची. शिकलेला नसेल त्याने स्वतः उडी मारायची नाही.

तिसरे, घरच्या आठवणीने रडणारे मूल. "उद्या तुला घरी सोडतो" असे खोटे आश्वासन द्यायचे नाही. जवळ बसायचे, ऐकून घ्यायचे, मग त्याच्या हाताला काहीतरी काम द्यायचे.

चौथे, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले. कोणत्याही मुलाला घेऊन एकट्याने आडोशाला जायचे नाही. मुलाने मारहाणीची किंवा अंगाशी केलेल्या वाईट चाळ्याची गोष्ट सांगितली तर "कुणाला सांगणार नाही" असे वचन द्यायचे नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचे.

थोड्या मोठ्या मुलाच्या हाती लहानांची तुकडी द्यायची, ही कल्पना इंग्लंडमध्येही रुजली. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर विसेक मुलांचे शिबिर घेतले. मुलांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येकीवर एक मोठा मुलगा नायक नेमला. त्यातूनच स्काऊट चळवळ उभी राहिली आणि ती आपल्या हायस्कुलांपर्यंत आली. महाराष्ट्राला तर शिबिर नवे नाहीच. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने शाखा-शिबिरांतून तरुण घडवले. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये सोमनाथला उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी सुरू केली.

मग आपल्या गावात कमी काय आहे? नीट बघा. अमेरिकेत जे शिकवून करून घेतात, ते आपल्याकडे पोरं न शिकवताच करतात. आईबाप खुरपणीला, पाणी द्यायला रानात गेले की बारकी भावंडे कुणाच्या ताब्यात असतात? तेरा-चौदा वर्षांच्या ताईच्या. मे महिन्यात विहिरीवर, कालव्यावर, शेततळ्यावर पोरांचे टोळके जाते, तेव्हा त्यातला थोराड मुलगाच पुढारी असतो. जबाबदारी आपण त्यांना केव्हाच दिली आहे. ती पार कशी पाडायची, हे मात्र कुणी सांगितलेले नाही. म्हणूनच शेततळ्याच्या कागदावरून एक पोर घसरते, त्याच्यामागे दुसरे उडी घेते, आणि एका घरची दोन जातात. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, हळहळतो, आणि पाऊस पडला की विसरतो.

सभासदांना आम्ही नेहमी सांगतो की बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच घ्या. कोवळ्याने भागत नाही आणि जून झाल्यावर डोळे नीट फुटत नाहीत. माणसाचेही तसेच. पंधरा ते सतरा हे जबाबदारी शिकण्याचे वय आहे. दहावीच्या परीक्षेनंतर मुले अडीच-तीन महिने मोकळी असतात. आज ती मोबाईलवर जातात.

यासाठी फार पैसा लागत नाही. गावातली आठ-दहा मुले-मुली निवडावीत. शाळेतले दोन शिक्षक, एक आरोग्य सेविका आणि पट्टीचा पोहणारा एक जाणता माणूस यांनी आठवडाभर त्यांना शिकवावे : मोजणे, जोड्या लावणे, दोर फेकणे, साप चावल्यावर काय करायचे, १०८ ला फोन करून ठिकाण कसे सांगायचे. बुडालेल्याला उलटे टांगणे किंवा पोट दाबणे चुकीचे आहे, श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यायचा, हे आरोग्य सेविकेकडून हाताने करवून घ्यावे. त्यानंतर शाळेच्या पटांगणावर लहानांचे आठ दिवसांचे शिबिर भरवावे. आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा, आणि सगळ्यांवर मोठ्यांची नजर. मुलींना मागे ठेवू नका. घरात हे काम त्याच करतात, तर शिकण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

शेअर वारसाने मिळतो, जबाबदारी वारसाने मिळत नाही. उद्या हीच मुले सोसायटीत, ग्रामपंचायतीत आणि आपल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत बसणार आहेत. आठ पोरे सुखरूप घरी पोचवायला जो शिकला, त्याच्यावर गावाचा कारभार सोपवताना आपला हात थरथरणार नाही.

ज्या गावांना येत्या सुट्टीत असे शिबिर भरवायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसमध्ये कळवावे. ऊस विकास विभागाकडून होईल ती मदत आम्ही करू. तोवर एवढे तरी आजच करा : आपल्या विहिरीवर आणि शेततळ्यावर गाठी मारलेला एक मजबूत दोर बांधून ठेवा, आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या पोरांना दाखवा.