गृहचित्रपट संगणक (किमान लिनक्स प्रणालीचा)

घरातील दूरचित्रवाणी संचाला किंवा प्रक्षेपकाला कायमचा जोडून ठेवलेला आणि चित्रपट, ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे व दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साठविणे व दाखविणे एवढ्याच कामासाठी राखलेला संगणक. त्यावर लिनक्स ही मुक्त परिचालन प्रणाली बसविताना चित्र व ध्वनी यांच्या कामाला अनावश्यक असलेले सर्व भाग वगळले म्हणजे किमान स्वरूपाचा गृहचित्रपट संगणक तयार होतो. नित्य वापरात त्याला कळफलक किंवा माउस लागत नाही; तो दूरनियंत्रकाने चालविला जातो आणि विद्युत् पुरवठा सुरू केल्यावर थोड्याच वेळात चित्रपटांची सूची पडद्यावर येते. आपण संगणक हाताळत आहोत याची जाणीव पाहणाऱ्याला राहू नये, ही त्याच्या रचनेची कसोटी होय.

किमान रचनेमागे काटकसर हे एक कारण आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण टिकाऊपणाचे आहे. जो भाग बसविलेलाच नाही तो बिघडत नाही, स्मृती अडवीत नाही व उष्णताही निर्माण करीत नाही. कार्यालयीन कामास निरुपयोगी ठरलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक या कामावर आणखी अनेक वर्षे चालू शकतो तो यामुळेच.

इतिहास : लिनक्स प्रणालीचा गाभा फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील आज्ञावलींशी त्याची सांगड घालून ही प्रणाली पूर्ण झाली. चित्रपट दाखविण्याच्या दृष्टीने २००२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी आयझॅक रिचर्ड्‌स यांनी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणारी ‘मिथटीव्ही’ ही आज्ञावली लिहावयास घेतली. त्याच वर्षी ‘एक्सबॉक्स’ या खेळाच्या यंत्रासाठी काही हौशी आज्ञावलीकारांनी चित्रदर्शक तयार केला. पुढे हा चित्रदर्शक मूळ यंत्रापासून सुटून लिनक्सवर आला व २०१४ पासून ‘कोडी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘रास्पबेरी पाय’ या तळहातावर मावणाऱ्या एकफलकी संगणकामुळे असे यंत्र अल्प खर्चात घरोघरी बसविणे शक्य झाले. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियन या वितरणाच्या आधारे ‘बॉस’ हे भारतीय भाषांची सोय असलेले लिनक्स वितरण तयार केले. मात्र ते मुख्यतः कार्यालये व शाळा यांसाठी आहे.

यंत्रसामग्री : १,९२० × १,०८० चित्रबिंदूंचे रंगीत चित्र सेकंदास २५ चौकटी या वेगाने कोणतेही संक्षेपण न करता पाठवावयाचे तर दर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट इतकी माहिती लागते. प्रत्यक्षात चित्रपट याच्या शंभराव्या भागाहूनही कमी माहितीत साठविलेला असतो आणि दाखविताना त्याचे विसंकेतन करून मूळ चित्र पुन्हा बांधावे लागते. हे काम मुख्य प्रक्रियकाने केले तर तो तापतो व जुना असल्यास मागे पडतो. चित्र-प्रक्रियकातील खास मंडलाने केले तर अगदी अल्प शक्तीत होते. म्हणून यंत्र निवडताना प्रक्रियकाच्या वेगापेक्षा, त्यातील विसंकेतक मंडल कोणत्या संकेतपद्धती जाणते हे आधी पाहावे. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच. २६४ ही पद्धती जवळजवळ सर्व यंत्रांना समजते. २०१३ च्या एच. २६५ पद्धतीसाठी इंटेल कंपनीचे २०१५ नंतरचे प्रक्रियक लागतात आणि २०१८ च्या एव्ही १ पद्धतीसाठी २०२० नंतरचे. नवे यंत्र सर्वच बाबतींत सरस असते असेही नाही : २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये एच. २६४ चे विसंकेतक मंडल नाही, ते काम मुख्य प्रक्रियकच करतो. स्मृती २ गिगाबाइट व प्रणालीसाठी १६ गिगाबाइट इतका साठा पुरतो. चित्रपटांसाठी वेगळी चकती जोडावी.

प्रणालीची उभारणी : डेबियनसारखे वितरण घेऊन बसविण्याच्या वेळी चित्रमय कार्यपटल, छपाईची सेवा, कार्यालयीन आज्ञावली इ. सर्व पर्याय नाकारावेत. उरते ती केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारी प्रणाली. ती शंभर-दोनशे मेगाबाइट स्मृतीत मावते. तिच्यात पुढील भरी घालावी लागते : चित्र-प्रक्रियकाची संलग्न आज्ञावली, ‘अल्सा’ ही ध्वनिप्रणाली, देवनागरीसह आवश्यक ते टंक आणि एक चित्रदर्शक. कार्यपटलाशिवाय चित्र कसे दिसेल, अशी शंका नवख्याला येते. आधुनिक लिनक्स गाभ्यातच पडद्याचे विभेदन ठरविण्याची व त्यावर थेट चित्र काढण्याची यंत्रणा असल्याने कोडी किंवा एमपीव्ही हे चित्रदर्शक मध्यस्थाविना पडदा ताब्यात घेऊ शकतात.

चित्रदर्शकासाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करून त्याला चित्र, ध्वनी व निवेश-साधने एवढेच अधिकार द्यावेत आणि यंत्र सुरू होताच तो दर्शक आपोआप सुरू होईल अशी नोंद सेवा-सूचीत करावी. पुढील देखभाल घरातील दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्गे करता येते; त्यामुळे दूरचित्रवाणीसमोर कळफलक आणण्याची वेळ सहसा येत नाही. हा खटाटोप नको असल्यास ‘लिब्रेइलेक’ हे २०१६ मध्ये सुरू झालेले, कोडीपुरतेच रचलेले तयार वितरण घ्यावे. शिकण्याची हौस असणाऱ्याने मात्र पहिला मार्ग धरावा. कोणता भाग कशासाठी आहे हे त्यातूनच कळते.

दूरनियंत्रकाची एक सोय सहसा लक्षात येत नाही. एचडीएमआय जोडणीतील एका तारेवरून दूरचित्रवाणी संचाच्या दूरनियंत्रकाचे संदेश जोडलेल्या यंत्राकडे जाऊ शकतात. रास्पबेरी पायमध्ये ही सोय आहे. सामान्य संगणकांच्या चित्र-प्रक्रियकांत ती बहुधा नसते व त्यांना अवरक्त किरणांचा ग्राहक वेगळा लावावा लागतो.

चित्राचा वेग व आकार : चित्रपट सेकंदास २४ चौकटी या वेगाने घेतलेला असतो, तर संगणकाचा पडदा बहुधा सेकंदास ६० वेळा उजळतो. २४ ने ६० ला निःशेष भाग जात नसल्याने एक चौकट दोनदा व पुढची तीनदा दाखविली जाते आणि कॅमेरा संथपणे सरकत असता चित्र हिसके देते. चित्रपटाच्या वेगानुसार पडद्याची वारंवारता बदलण्याचा पर्याय चित्रदर्शकात सुरू केला की हा दोष जातो. दूरदर्शनच्या जुन्या मुद्रणांची अडचण निराळी आहे. त्यांत प्रत्येक चौकट सम व विषम रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली असते. ती तशीच दाखविल्यास हलत्या वस्तूच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात. त्यासाठी रेषा-जुळणीची प्रक्रिया लावावी लागते.

प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) सारखा जुना बोलपट आजच्या रुंद पडद्यावर सुमारे तीन-चतुर्थांश रुंदीच व्यापतो. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या घालविण्यासाठी चित्र ताणण्याची प्रथा घरोघरी आढळते. त्यामुळे पात्रे बुटकी व स्थूल दिसतात. हा पर्याय बंद ठेवणेच योग्य.

मराठी उपशीर्षके : संवादांचा अनुवाद किंवा लेखन चित्राखाली दाखविताना देवनागरीची जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांची जुळणी अक्षरांच्या क्रमाने होत नाही, ती करणारी स्वतंत्र आज्ञावली लागते. लिनक्सवर ‘लिबास’ ही उपशीर्षकांची आज्ञावली ‘हार्फबझ’ या जुळणीकाराच्या साहाय्याने हे काम बिनचूक करते. उपशीर्षकांची धारिका युनिकोडच्या यूटीएफ-८ स्वरूपात असावी लागते. जुन्या, टंकाशी बांधलेल्या पद्धतीत टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यात, तापी खोऱ्यात असलेले वरणगाव हे आयुधनिर्माणीचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. या पट्ट्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५° से. च्या आसपास जाते. प्रक्रियकाचे तापमान सभोवतालच्या हवेच्या वर चढत असल्याने, २५° से. तापमानाच्या खोलीत ६५° से. वर स्थिरावणारे यंत्र येथे ८५° से. पर्यंत पोहोचते. एकफलकी संगणक ८०° से. च्या पुढे आपला वेग आपोआप कमी करतात व चित्र अडखळू लागते. पंखा लावावा तर काळ्या जमिनीची बारीक धूळ त्यात साचते आणि काही महिन्यांत तो असून नसल्यासारखा होतो. म्हणून अशा ठिकाणी कमी शक्तीचा प्रक्रियक, उष्णता शोषून पसरविणारी ॲल्युमिनियमची पेटी आणि विसंकेतनाचे काम खास मंडलाकडे सोपविणे हा उपाय अधिक भरवशाचा ठरतो. यंत्र दूरचित्रवाणी संचाच्या मागे, बंद कपाटात किंवा पत्र्याच्या छताजवळ ठेवू नये. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती व मातीचे छप्पर यांमुळे खोली तुलनेने थंड राहते. सिमेंटच्या स्लॅबखालील खोलीत ही सवलत मिळत नाही.

विजेचा खंड ही दुसरी बाब. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन अनेक तास चाले. दीपनगर येथील औष्णिक विद्युत् केंद्र जवळच असूनही या भागातील गावे त्यातून सुटली नव्हती. लेखन चालू असता पुरवठा तुटला तर साठ्याची अनुक्रमणी बिघडते; रास्पबेरी पायच्या स्मृतिपत्राला हा धोका विशेष असतो. यावर किमान प्रणालीत एक सोपा उपाय आहे. प्रणालीचा भाग केवळ वाचनासाठी खुला ठेवून तात्पुरत्या नोंदी स्मृतीत करावयाच्या, म्हणजे केव्हाही वीज गेली तरी बिघडण्यासारखे लिहिणे चालू नसते. लिब्रेइलेकची मूळ रचनाच अशी आहे. शक्तीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे : ५० वॉटच्या दूरचित्रवाणी संचाबरोबर ८० वॉटचा जुना संगणक चालविल्यास इन्व्हर्टरवर १३० वॉटचा भार येतो, त्याजागी १० वॉटचा छोटा संगणक घेतल्यास तो ६० वॉटवर येतो व तीच विद्युत् घटमाला दुपटीहून अधिक वेळ पुरते.

मर्यादा : चित्रपट पुरविणाऱ्या अनेक व्यापारी प्रवाहसेवा आपल्या सांकेतिक कुलपाच्या अटींमुळे लिनक्स संगणकावर उच्च विभेदनाचे चित्र देत नाहीत, काही तर मुळीच चालत नाहीत. केवळ अशा सेवा पाहणाऱ्या कुटुंबाने हे यंत्र उभारण्यात अर्थ नाही. याउलट डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या, मासिक शुल्क नसलेल्या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेवरील कुलूपबंद नसलेल्या वाहिन्या योग्य ग्राहक-पट्टी बसवून ‘टीव्हीहेडएंड’ या आज्ञावलीने घेता व मुद्रितही करता येतात.

घरगुती चकत्यांचे जतन : किमान यंत्राचा खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा उपयोग येथे आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून व्हीसीडी ही चकती स्वस्त झाली आणि लग्नसमारंभ, कीर्तने, तमाशाचे वग, अहिराणी गाणी व विनोदी नाटुकली तिच्यावर मोठ्या प्रमाणात आली. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला व स्थानिक निर्मितीची एक परंपराच सुरू झाली. मोठ्या चित्रपटांच्या प्रती पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जतन होतात. गावपातळीवरील मुद्रणांची एखादीच प्रत कोणाच्या तरी कपाटात उरलेली असते. वाचक-यंत्रे बाजारातून नाहीशी होत आहेत आणि घरी मुद्रित केलेल्या चकत्यांचा रंजकद्रव्याचा थर उष्णतेने व उन्हाने खराब होतो.

व्हीसीडीवरील चित्र ३५२ × २८८ चित्रबिंदूंचे असून ७४ मिनिटांची चकती सुमारे ७७० मेगाबाइट माहिती धरते. १ टेराबाइटच्या एका चकतीवर अशा बाराशेहून अधिक चकत्या मावतात. मात्र तिच्यावरील चित्राची धारिका नेहमीच्या नकल-आज्ञेने उचलता येत नाही. तिच्या क्षेत्रांची मांडणी सामान्य माहिती-चकतीहून वेगळी असल्याने वाचनदोषाचा संदेश येतो आणि चकती खराब झाली असे समजून अनेकजण ती टाकून देतात. ‘व्हीसीडीइमेजर’ या संचातील आज्ञावली ही क्षेत्रे त्यांच्या मूळ स्वरूपात वाचते व चित्र सुखरूप मिळते. मिळालेल्या धारिकेचे पुन्हा संकेतन करू नये. आधीच अल्प असलेला तपशील त्यात आणखी घटतो. मोठ्या पडद्यासाठी चित्र वाढविण्याचे काम दाखविण्याच्या वेळी चित्रदर्शक करतोच.

भारतीय प्रतिमुद्राधिकार अधिनियमानुसार (१९५७) चित्रपटावरील अधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे व्यापारी चकत्यांच्या प्रती इतरांस वाटता येत नाहीत. स्वतःच्या घरच्या मुद्रणांना ही अडचण नाही. त्यांच्या दोन प्रती करून एक दुसऱ्या घरी ठेवावी आणि धारिकेच्या नावात प्रसंग, गाव व वर्ष देवनागरीत लिहावे. कारण चकतीवरील शाई चित्राच्या आधी पुसट होते आणि मुद्रणातील माणसे ओळखणारे तोवर हयात असतीलच असे नाही.