घोरणे : घरच्यांनी द्यावयाची साक्ष

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. लग्नाच्या जानोशात किंवा यात्रेतील धर्मशाळेत एखादे काका घोरू लागले की बाकीचे अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत जातात. सकाळी चहाबरोबर हशा होतो आणि विषय संपतो. ज्यांच्यावरून हसे होते, त्यांना मात्र रात्रभर काहीच ऐकू आलेले नसते. या विकाराची खरी अडचण हीच आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टाळूचा मागील मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचे मूळ मागे सरकल्याने श्वासाची वाट अरुंद होते. त्या वाटेने हवा जोराने जाताना हे मऊ भाग थरथरतात, तोच घोरण्याचा आवाज. वाढलेले वजन, जाड मान, नाकाचे वाकडे हाड, जुनाट सर्दी, मागे सरलेली हनुवटी, उताणे झोपण्याची सवय, मद्य व झोपेच्या गोळ्या ही त्याची प्रमुख कारणे होत. लहान मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल कारणीभूत असतात. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतही घोरण्याचे प्रमाण वाढते.

प्रत्येक घोरणारा रोगी नसतो. परंतु घोरता घोरता आवाज एकाएकी बंद व्हावा, काही क्षण श्वासच नसावा आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका येऊन पुन्हा घोरणे सुरू व्हावे, हे लक्षण गंभीर आहे. यास स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास किमान 10 सेकंद थांबला तर तो एक खंड धरतात. प्रत्येक खंडात रक्तातील प्राणवायू घटू शकतो, मेंदू क्षणभर जागा होतो, हृदयावर ताण पडतो. माणसाला आपण आठ तास झोपलो असे वाटते. प्रत्यक्षात ती झोप तुकड्यांची असते.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी या विषयावर केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांची त्यात पाहणी झाली. सुमारे 26 टक्के पुरुष नेहमी घोरणारे आढळले. झोपेतील श्वासाच्या बिघाडाचे प्रमाण 19.5 टक्के, तर त्यासोबत दिवसा झापड येणाऱ्यांचे 7.5 टक्के निघाले. ही माणसे स्वतःला निरोगीच समजत होती. पुढे 15 फेब्रुवारी 2022 रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितले आणि या विकाराचे नाव घरोघरी पोहोचले.

उपचार न झाल्यास रक्तदाब औषधांनाही दाद देत नाही. हृदयविकार, पक्षाघात व मधुमेह यांचा धोका वाढतो. सकाळी डोके दुखणे, चिडचिड, विसराळूपणा ही छोटी लक्षणे. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागली तर आपण ती जेवणाच्या माथी मारतो. मात्र तीच डुलकी मालाच्या खरेदीहून परतताना, समृद्धी महामार्गावर गाडीच्या चाकामागे लागली, तर काय होईल हे सांगावयास नको.

तपासणी साधी आहे. एक रात्र झोपेत श्वास, प्राणवायू, नाडी व मेंदूच्या लहरी यंत्रावर नोंदवतात. मंगरूळपीरहून त्यासाठी नागपूरसारख्या शहरी जावे लागले तरी ती एका रात्रीची गोष्ट आहे. ताशी 5 पेक्षा कमी खंड सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम व त्यापुढे तीव्र मानतात. सौम्य विकारात वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे यांनी पुष्कळ फरक पडतो. तीव्र विकारात नाकावरील मुखवट्यातून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते 1981 मध्ये जगापुढे मांडले. काहींना दातांवर बसणारे साधन वा शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

डॉक्टरांपुढे रोगी म्हणतो, ‘मला छान झोप लागते.’ म्हणून सोबत पत्नीने, पतीने अथवा मुलाने जावे. श्वास थांबतो काय, किती वेळ थांबतो, हे दोन-तीन रात्री घड्याळ लावून टिपावे. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. दुकानाच्या रोजमेळातील पैचा फरक आपण रात्री जागून शोधतो. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास तर त्याहून कितीतरी मोलाचा आहे.