विंचूदंशात हातपाय गार का पडतात?

नीट-पीजीची तयारी करणाऱ्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं असतं, की लक्षणांच्या याद्या पाठ होतात आणि चार दिवसांत उडून जातात. उडणारच. कशामुळे काय घडतं याची साखळी कळली नाही, तर यादीला धरून ठेवायला काही उरत नाही. आज डोंगरीत आपण बसलो आहोत, म्हणजे उत्तर कोकणातच; तेव्हा उदाहरण कोकणातलंच घेऊ. लाल विंचवाचं.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली मुलं, शेतकरी यायचे. घाम, उलट्या, मग धाप, तोंडाला फेस, आणि मृत्यू. स्टेरॉइड, ॲट्रोपिन असं सगळं देऊनही रुग्ण जात होते. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, आणि घटनांचा क्रम लिहून ठेवला. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली.

हा क्रम आपण नीट समजून घेऊ. विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांवर बसतं आणि ती लवकर बंद होऊ देत नाही. तंतू संदेश पाठवतच राहतात. सुरुवातीला ॲसिटिलकोलिनचा जोर: उलट्या, लाळ, घाम, मंद नाडी. हा टप्पा थोडा वेळच टिकतो. मागोमाग ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो. अल्फा-१ ग्राहकांमुळे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता डावी जवनिका थकते, रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं, पाणी पाझरतं. तोंडाला येणारा फेस तो हाच.

आता ॲट्रोपिन का नको, हे पाठ करावं लागतं का? पहिला टप्पा तसाही ओसरणार असतो. ॲट्रोपिन हृदयावरचा व्हेगसचा लगाम तेवढा काढून घेतं, आणि पुढच्या वादळात नाडी आणखी उधळते. घाम आणि उलट्या पाहून उपचार केला, तर नेमका हाच घात होतो.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. वाहिन्या सैल होतात, पण ते शिरेतून द्यायचं आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवायची. खेड्यातल्या दवाखान्यात हे कसं जमायचं? मग आलं प्राझोसिन. ते अल्फा-१ ग्राहक अडवतं, आणि ती साधी गोळी आहे. प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते पुढे अगदी थोडक्यावर आलं. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवायचं, उचलून बसवायचं नाही. आणि गुण येतोय हे कशावरून ओळखायचं? पावलं गरम होऊ लागतात. महागडं यंत्र नको, पावलाला हात लावून पाहायचं.

प्रतिविष निरुपयोगी आहे असं मात्र कुणी लिहून येऊ नका. २०११ साली 'बीएमजे'मध्ये ७० रुग्णांची चाचणी छापून आली. त्यात प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. प्रतिविष रक्तात फिरणारं विष गाठतं. आधीच सुटलेल्या ॲड्रिनलिनवर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणून दोन्ही.

परीक्षेत हा प्रश्न विंचवाच्या नावाने येईलच असं नाही. फिओक्रोमोसायटोमा घ्या. रक्तदाब चढलेला, नाडी जलद, आणि पर्यायांत बीटा-ब्लॉकर मोह घालत बसलेला. तो आधी दिला तर बीटा-२ मुळे ज्या वाहिन्या थोड्या सैल राहत होत्या त्याही आवळतात, अल्फाला मोकळं रान मिळतं, आणि दुबळ्या झालेल्या हृदयावर बोजा वाढतो. म्हणून आधी अल्फा अडवायचा, बीटा नंतर. गाठ अधिवृक्क ग्रंथीत आहे आणि विष नांगीतून आलंय, एवढाच फरक; पूर त्याच रसायनांचा आहे.