खुनाचा खटला, खोटं बोलणारा साक्षीदार आणि एक घड्याळ: 'एस अटर्नी' गेममध्ये आरोपीला वाचवतात तरी कसं?

साक्षीदार कोर्टात सांगतो, "मी मृतदेह पाहिला तेव्हा दुपारचा एक वाजला होता." सरकारी वकील खूश. न्यायाधीश निकाल द्यायच्या तयारीत. तेवढ्यात बचाव पक्षाचा वकील पोस्टमॉर्टम रिपोर्ट पुढे करतो. त्यात मृत्यूची वेळ आहे दुपारी ४ ते ५. मग जी बाई चारपर्यंत जिवंत होती, तिचा मृतदेह एक वाजता दिसला कसा?

'ऑब्जेक्शन!' असं ओरडत टेबलापलीकडे बोट रोखणारा निळ्या सुटातला, टोकदार केसांचा वकील तुम्ही मीम्समध्ये नक्की पाहिला असेल. त्याचं नाव फीनिक्स राइट आणि वरचा प्रसंग त्याच्या पहिल्याच खटल्यातला. गेमचं नाव 'एस अटर्नी'. या गेममध्ये बंदूक नाही की गाडी नाही. इथे फक्त लोकांचं बोलणं नीट ऐकायचं असतं.

गेम आला कुठून?

जपानच्या कॅपकॉम कंपनीने २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या कन्सोलसाठी हा गेम काढला. लेखक आणि दिग्दर्शक शू ताकुमी. जपानी नाव 'ग्याकुतेन साइबान'. साइबान म्हणजे खटला आणि ग्याकुतेन म्हणजे बाजी पलटणं. थोडक्यात, हातातून गेलेला खटला फिरवणं.

जपानीत नायकाचं आडनाव आहे नारुहोदो. 'अच्छा, असं आहे होय!' म्हणायला जपानी माणूस हाच शब्द वापरतो. इंग्रजी आवृत्ती २००५ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आली. पहिले तीन भाग २०१९ पासून पीसी आणि आजच्या कन्सोलवरही एकत्र मिळतात.

खेळतात कसा?

प्रत्येक खटल्याचे साधारण दोन भाग असतात. आधी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, लोकांशी बोलायचं. मग कोर्टात उभं राहायचं. खरी मजा कोर्टातच आहे.

साक्षीदार आपली साक्ष पाच-सहा वाक्यांत देतो. त्यानंतर उलटतपासणी सुरू होते. प्रत्येक वाक्यावर तुमच्याकडे दोन पर्याय असतात. एक, त्याला खोदून विचारायचं. दोन, हातातला एखादा पुरावा त्या वाक्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, हे खोटं आहे.

चुकीच्या वाक्यावर चुकीचा पुरावा दाखवला तर दंड. पहिल्या गेममध्ये अशा पाच चुका झाल्या की खेळ संपला आणि तुमचा अशील दोषी. त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

पहिला खटला सुटतो कसा?

हा खटला खेळ शिकवण्यासाठीच आहे. खुनी कोण हे गेम सुरुवातीच्या दृश्यातच दाखवून टाकतो, त्यामुळे इथे वाचून फार काही बिघडणार नाही. फीनिक्सचा बालमित्र लॅरी बट्झ याच्यावर मैत्रिणीच्या खुनाचा आरोप आहे. लॅरीला घरातून पळताना पाहिलं, असं फ्रँक सॉव्हिट नावाचा वर्तमानपत्रं विकणारा माणूस सांगतो.

एक वाजल्याचं खोटं पकडलं गेल्यावर सॉव्हिट म्हणतो, "टीव्हीवर वेळ ऐकली होती." पण त्या दुपारी इमारतीत वीजच नव्हती आणि तसा दाखला फाइलमध्ये आहे. टीव्ही गेला.

मग तो म्हणतो, "टीव्ही नाही, टेबलावरचं घड्याळ पाहिलं." इथे तो पुरता अडकतो. ज्या वस्तूने खून झाला ती दिसायला पुतळा आहे, विचारात बुडालेल्या माणसाचा. ते घड्याळ आहे हे नुसतं बघून कळत नाही. मान कलवली तरच तो पुतळा बोलून वेळ सांगतो. घरात पाऊलही न टाकलेल्या माणसाला हे कसं कळलं? वार करताना पुतळा बोलला आणि त्याने ऐकलं, म्हणून.

शेवटचा पेच उरतो. चारनंतर झालेल्या खुनाच्या वेळी घड्याळाने 'एक' का सांगितलं? कोर्टात तपासल्यावर घड्याळ तीन तास मागे निघतं, पण खुनाच्या दिवशीही ते तसंच होतं कशावरून? उत्तर मृत मुलीच्या पासपोर्टमध्ये आहे. ती आदल्याच दिवशी पॅरिसहून परतली होती. इंग्रजी आवृत्तीची गोष्ट लॉस एंजेलिसमध्ये घडते आणि पॅरिस तिथून नऊ तास पुढे आहे. लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे चार म्हणजे पॅरिसमध्ये रात्रीचा एक. घड्याळ तीन तास मागे नव्हतं, नऊ तास पुढे होतं.

पोस्टमॉर्टम रिपोर्ट, विजेचा दाखला, पासपोर्ट: हे सगळे कागद फाइलमध्येच होते. फक्त प्रत्येक वाक्य त्यांच्याशी ताडून पाहायचं बाकी होतं.

मग लॅरी सुटायला खुनी का शोधावा लागला?

ही गेममधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. कायद्याने आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. वाजवी शंका निर्माण झाली की आरोपी सुटायला हवा. लॅरीविरुद्धचा मुख्य साक्षीदार वेळेबाबत खोटं बोलला, एवढ्यानेच खटला डळमळायला हवा होता.

पण 'एस अटर्नी'मध्ये तसं होत नाही. फीनिक्सला बहुतेक वेळा खरा खुनी कोर्टात उघडा पाडावा लागतो, तेव्हा कुठे अशील सुटतो. खटल्याला मुदत जास्तीत जास्त तीन दिवसांची. ज्युरी नाही. आरोपी दोषीच आहे असं धरून सगळे चालतात.

जपानचं कोर्ट माहीत असणाऱ्यांना ही मांडणी ओळखीची वाटते. तिथे खटला उभा राहिला की दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त आहे. याचं एक कारण म्हणजे सरकारी वकील खात्रीचीच प्रकरणं कोर्टात नेतात. दुसरं कारण म्हणजे कबुलीजबाबावरचा भर. आरोपपत्राआधी संशयिताला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं आणि चौकशीच्या खोलीत वकिलाला सहसा प्रवेश नसतो.

खऱ्या आयुष्यातला 'ग्याकुतेन'

१९६६ मध्ये शिझुओका प्रांतात मिसो बनवणाऱ्या कंपनीच्या एका संचालकाचा, त्याच्या पत्नीचा आणि दोन मुलांचा खून झाला. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला दाट खारट लगदा. कंपनीतला कामगार आणि माजी बॉक्सर इवाओ हाकामादा याला अटक झाली. सुमारे वीस दिवस रोज तासन् तास चौकशी झाल्यावर त्याने गुन्हा कबूल केला आणि कोर्टात तो जबाब नाकारला.

घटनेनंतर वर्षभराहून जास्त काळाने कारखान्यातल्या मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग पडलेले कपडे सापडले. ते त्याचेच, असं सरकारी पक्षाने सांगितलं. १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलाच्या वेळी त्याला ती पँट घालायला लावली, तर ती मांड्यांच्या वर चढेना. मिसोत भिजून नंतर वाळल्याने आटली असेल, असं उत्तर मिळालं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

गेममध्ये असती तर ही पँट दाखवल्यावर 'ऑब्जेक्शन!'चं संगीत वाजलं असतं. इथे काहीच वाजलं नाही. २००७ मध्ये मूळ खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने, नोरिमिची कुमामोतो यांनी, आपल्याला हाकामादा निर्दोषच वाटत होता असं जाहीरपणे सांगितलं. बहीण हिदेको लढत राहिली.

शेवटी फेरखटल्यात प्रश्न आला तो डागांच्या रंगाचा. वर्षभर मिसोत राहिलेलं रक्त लालसर राहीलच कसं? २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओका जिल्हा न्यायालयाने हाकामादाला निर्दोष ठरवलं. तपास यंत्रणेनेच कपड्यांना रक्त लावून ते टाकीत लपवले, असं न्यायालयाने म्हटलं. अटकेच्या वेळी हाकामादा ३० वर्षांचा होता, निकालाच्या वेळी ८८ वर्षांचा.

काही बदललं का?

थोडंफार. २००९ पासून जपानमध्ये खुनासारख्या गंभीर खटल्यांत साधारणपणे तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसतात. अशा प्रकरणांतल्या चौकशीचं रेकॉर्डिंग २०१९ पासून बंधनकारक झालं आहे. पण चौकशीच्या खोलीत वकील अजूनही सहसा नसतोच.

लॅरीच्या खटल्यात घड्याळ होतं, हाकामादाच्या खटल्यात पँट. दोन्हीकडे विसंगती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. गेममध्ये ती दाखवली की न्यायाधीश चमकून वर बघतो आणि खटला तिथेच फिरतो. हाकामादाच्या वकिलांनी दाखवलेली विसंगती मान्य व्हायला अटकेपासून ५८ वर्षं गेली.