गाय न फळण्याची ग्रंथिजन्य कारणे

व्यायल्यानंतर चार-पाच महिने लोटले तरी गाय माजावर येत नाही, किंवा माजावर येते पण दर खेपेस उलटते, अशी गाय वांझ ठरवून तिला बाजार दाखविण्याचा प्रघात आहे. यांपैकी पुष्कळ गाई वांझ नसतात. त्यांच्या ग्रंथींचे कार्य बिघडलेले असते व बहुधा ते सुधारता येते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून रक्तात मिसळणाऱ्या संप्रेरकांमुळे बीजांडकोशात स्त्रीबीज पक्व होते व गाय माज दाखविते. बीज सुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो. गर्भ राहिल्यास हा पिंड तो टिकवितो. न राहिल्यास सुमारे 17 व्या दिवशी विरू लागतो आणि 21 व्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते. मेंढीत हीच पाळी 17 दिवसांची असते. गर्भाशयात पू साठला असेल, तर मात्र पीतपिंड विरत नाही. माज थांबतो आणि मालक गाय गाभण समजून महिनेच्या महिने वाट पाहतो!

उपासमारीनेही पीयूष ग्रंथी मंदावते. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर ठेवलेली, दूध देऊन खंगलेली गाय माजावर येत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते. येथे औषधापूर्वी हिरवा चारा, पेंड व क्षारमिश्रण द्यावे.

चाऱ्यातील द्रव्यांमुळेही बिघाड होतो. 1940 नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या प्रमाणावर फळेनाशा झाल्या. त्या चाऱ्यात स्त्री-संप्रेरकासारखे कार्य करणारे द्रव्य असते. आपल्या दख्खनी मेंढ्या माळावर चरतात, त्यांना ही भीती थोडी. तथापि लसूणघासातही अशा जातीचे द्रव्य असते व पानांवर रोग पडल्यास ते वाढते. म्हणून मेंढ्या फळविण्याच्या काळात नुसत्या लसूणघासावर ठेवू नयेत.

माजावर आणणारी सुई मिळते, हे आता गावोगावी ठाऊक आहे. पीतपिंड विरविणारी ही सुई गाभण गाईस दिली, तर गर्भपात होतो. यास्तव पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी झाल्याखेरीज ती कोणासही टोचू देऊ नये. ग्रामसेवकांनी प्रत्येक गोठ्यात व्यायल्याची, माजाची व फळविल्याची तारीख लिहिण्याची सवय लावावी. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. तिच्याकडे पहाटे व रात्री मुद्दाम लक्ष द्यावे.