जुन्या कॅमेऱ्याचे मोल

जी वस्तू आता कोणीही बनवीत नाही तिची किंमत कशी ठरते, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात दोन ओळींत मिळते. पुरवठा स्थिर, तेव्हा किंमत मागणी ठरवील. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवितो. परंतु अशी एखादी वस्तू प्रत्यक्ष समोर येऊन खिशात हात घालण्याची वेळ आली, की त्या दोन ओळी फारशा उपयोगी पडत नाहीत. मालगुंडात असा प्रश्न सहसा रस्त्यालगतच्या जमिनीबद्दल किंवा हापूसच्या जुन्या कलमांबद्दल निघतो. यंदा तो एका कॅमेऱ्याबद्दल निघाला, आणि संभाव्य गिऱ्हाईक म्हणून प्रस्तुत लेखकाचेच नाव पुढे आले.

आमच्याकडचा एक फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षे झाली. तो चालविणारे गृहस्थ आता हयात नाहीत. मुलगा मुंबईस नोकरीला असतो. घर आवरताना त्याला कपाटात, चामड्याच्या आवरणासह, ‘याशिका-मॅट १२४ जी’ हा कॅमेरा सापडला. त्याने २८ हजार रुपये सांगितले. ‘‘सर, नेटवर हाच चाळीसला आहे,’’ अशी पुस्तीही जोडली.

एकावर एक अशी दोन भिंगे असलेला हा जपानी कॅमेरा आहे. वरच्या भिंगातून येणारे चित्र माथ्यावरच्या घासलेल्या काचेवर दिसते, खालच्या भिंगातून ते फिल्मवर उमटते. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून पाहतो, आणि काचेवर डावे ते उजवे दिसते. ही रचना रूढ केली जर्मनीच्या ‘रोलायफ्लेक्स’ने, १९२९ पासून, होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत वापरलेल्या कॅमेऱ्यांत तोही होता. याशिकाने तीच रचना कमी किमतीत दिली. १२४ जी हे मॉडेल १९७० पासून १९८६ पर्यंत बनत होते. त्याला लागणारी १२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९०१ साली काढली आणि ती आजही मिळते. जुन्या कॅमेऱ्याबाबत पहिली चौकशी कॅमेऱ्याची नव्हे, फिल्मची करावी. साधारण याच मापाची, पण वेगळ्या रिळावरची ६२० फिल्म १९९५ साली बंद झाली आणि तिच्यासाठी बनलेले बहुतेक कॅमेरे फडताळात शोभेला जाऊन बसले. १२० च्या एका रोलवर बारा चौरस निगेटिव्ह मिळतात. प्रत्येकीचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक असते. स्टुडिओवाल्यांना ती प्रिय का होती, हे यावरून ध्यानात यावे.

ज्या काळात हा कॅमेरा कोकणात आला असेल तो परवान्यांचा काळ होता. बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ मध्यमवर्गीय घरांत दिसे. उटीजवळ सरकारी मालकीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म बनत असे. त्यापलीकडचे काही हवे असेल तर परदेशातून येणाऱ्या आप्ताकडे डोळे लावून बसावे लागे. रत्नागिरी जिल्ह्यातून आखातात गेलेल्या मंडळींच्या सामानात टेपरेकॉर्डरबरोबर कॅमेराही असे. पुढे डिजिटल कॅमेरे आले, मागोमाग मोबाइल आले. उटीचा कारखाना बंद पडला, याशिका ज्या क्योसेरा कंपनीत विलीन झाली होती तिने २००५ साली कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला, आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द ईस्टमन कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षांत असे कॅमेरे मिळेल त्या भावाने गेले. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ते पितळी दिव्यांच्या आणि बंद घड्याळांच्या शेजारी मांडलेले असत.

मग चक्र उलटे फिरले. फिल्मच्या काळात जन्मलीही नव्हती अशी तरुण मुले फिल्मकडे वळली. संग्राहक तर होतेच. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनेस बुकाने नोंद घेतलेली आहे. मागणी वाढली, पण नवा कॅमेरा येण्याची सोय नाही. उलट, एक कॅमेरा दुरुस्त करायचा तर दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचे सुटे भाग काढावे लागतात, म्हणजे पुरवठा वर्षागणिक घटतोच. रिकार्डोने खंडाचा सिद्धान्त जमिनीसाठी मांडला; २८ हजारांतला मोठा हिस्सा हा असा खंडच आहे. मालकाने त्यासाठी काही केलेले नाही. वस्तू दुर्मिळ झाली, एवढेच.

येथवर सारे पुस्तकात बसते. अडचण पुढे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या त्या निबंधाच्या पायावर त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो, आणि त्या भावाला चांगल्या मालाचा धनी बाजारातून काढता पाय घेतो, असा त्यांचा युक्तिवाद. निबंधात आपल्याकडची गृहिणीही आहे: बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगारूपाचे खडे तिला निवडावे लागतात, असे त्यांनी नमूद केले आहे. पण आमच्या कॅमेऱ्याला हे सूत्र नीट लागू पडत नाही. येथे विकणाराही अडाणी आहे. मुलाला शटर कोणते आणि डायफ्राम कोणता हे ठाऊक नाही. त्याने पाहिलेला चाळीस हजारांचा आकडा कोणी तरी मागितलेला आहे, कोणाला मिळालेला नाही. शिवाय तो साफसफाई केलेल्या, चालत्या कॅमेऱ्याचा असावा. दोष ओळखणारा माणूस या व्यवहारात एकच: मुंबईचा व्यापारी. तो मालगुंडास येत नाही, कॅमेरा त्याच्याकडे जातो. ज्ञानाचा मोबदला तो दोन्ही बाजूंनी वसूल करतो, आणि त्यात गैर काही नाही.

तेव्हा थोडे ज्ञान स्वतःच मिळविणे आले. कॅमेऱ्याची मागची बाजू उघडावी, शटर उघडे धरून खालच्या भिंगातून विजेरीचा झोत टाकावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. अशा दमट हवेत भिंगावर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते, आणि मग ती पुसली तरी डाग जात नाही. चामड्याचे आवरण दिसायला देखणे, पण ओल धरून ठेवण्यात पटाईत. त्यानंतर शटर. सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा वेग बहुधा बरा चालतो. एका सेकंदावर लावून कान द्यावा. जुने वंगण घट्ट झालेले असेल तर ते मध्येच अडखळते किंवा दोन-तीन सेकंद रेंगाळते. प्रकाशमापकाला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, म्हणून त्याला किमतीत धरूच नये. या कॅमेऱ्याच्या खालच्या भिंगात, कडेला, बुरशीचा एक धागा मला दिसला, आणि शटर एका सेकंदावर रेंगाळले.

आता खर्च. फिल्म, ती धुणे, स्कॅन करणे आणि टपाल मिळून एका रोलला दीड हजार रुपये धरू. बारा चित्रे, म्हणजे दर चित्राला १२५ रुपये. वर्षाला दहा रोल काढले तर १५ हजार. दोन वर्षांत कॅमेऱ्याची किंमत मागे पडते. रोल काढलेच नाहीत तरी २८ हजारांवरचे सात टक्क्यांनी १,९६० रुपये व्याज दर वर्षी बुडते. दुरुस्ती यात धरलेली नाही. हत्ती घेण्यापेक्षा पोसणे कठीण, असा हा हिशेब आहे. फिल्ममुळे हाताला शिस्त लागते, माणूस विचार करून चित्र काढतो, असे या छंदातले लोक सांगतात. ते खरेही असेल. परंतु मोबाइलवरही दिवसाला बाराच चित्रे काढण्याचे व्रत घेता येते. शिस्त विकत घेण्यासाठी प्राध्यापकाने भविष्य निर्वाह निधीला हात लावावा, हे काही पटत नाही.

हा विचार चालू असताना मुलाने कपाटाखालून आंब्याची एक लाकडी पेटी ओढली. तीत त्याच स्टुडिओच्या निगेटिव्ह होत्या, कागदी पाकिटांत, पाकिटांवर पेन्सिलीने नाव आणि तारीख. लग्ने, शाळेचे वर्ग, बारशी. आणि पासपोर्टसाठी काढलेले कितीतरी तरुण चेहरे. एका पाकिटावर लिहिले होते, ‘दुबई. घाई. ६ प्रती.’ काही पाकिटांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत कुजू लागली की हा वास सुटतो, आणि ती क्रिया मागे फिरत नाही. ‘‘हे भंगारात द्यायचं,’’ मुलगा म्हणाला. एकेकाळी एक्स-रेच्या फिल्मबरोबर अशा निगेटिव्हही चांदीसाठी वजनावर जात.

त्या पेटीला बाजारभाव नाही. एकेका निगेटिव्हचे मोल एकेकाच कुटुंबाला, आणि ती अस्तित्वात आहे हे त्या कुटुंबाला माहीत नाही. घेणारा आणि देणारा यांची गाठच पडत नाही, तेव्हा भाव शून्य. केशवसुतांच्या या गावात १९९४ साली कवीचे स्मारक उभे राहिले, ते योग्यच झाले. ज्यांच्यावर कोणी कविता केली नाही, त्यांचा कागदी पाकिटाखेरीज दुसरा ठेवा नसतो. कायदाही येथे गमतीचा आहे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा लेखाधिकार, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याने गिऱ्हाइकाकडे जातो, छायाचित्रकाराकडे नव्हे. पेटी स्टुडिओच्या वारसाची, चित्रांचा हक्क गावाचा!

या मापाच्या निगेटिव्ह स्कॅन करू शकणारा साधा फ्लॅटबेड स्कॅनर साधारण तेवढ्याच रकमेच्या घरात येतो. संधिव्यय ही कल्पना मी वर्गात अनेक वर्षे शिकवितो आहे, बहुधा गहू आणि तांदूळ यांच्या उदाहरणाने. येथे एका पारड्यात कॅमेरा होता आणि दुसऱ्यात पेटी. कॅमेरा मी नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल, त्याचे काही बिघडणार नाही. पेटीला दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मी पेटी मागितली. ‘‘न्या सर, जागा तरी मोकळी होईल,’’ असे म्हणून त्याने ती फुकट दिली.

स्कॅनर आला आहे. वास येणारी पाकिटे वेगळी काढून आधी हाती घेतली; नावे ओळखण्यासाठी शेजारच्या आजी संध्याकाळी येऊन बसतात, आणि एक चेहरा ओळखायला त्यांना अर्धा तास लागतो, कारण त्या चेहऱ्याच्या साऱ्या घराण्याची हकीकत सांगितल्याशिवाय त्या पुढच्या पाकिटाकडे जात नाहीत. कॅमेरा त्याच कपाटात आहे. पावसाळ्याआधी तो चामड्याच्या आवरणातून काढून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा, एवढे मी मुलाला कळविले. परवा त्याचा निरोप आला: २४ हजारांना सोडतो.